एका खांद्याचे दोन वस्ताद

॥ श्री ॥

लोणावळा, ता. १३ सप्टेंबर १९३६

ती. स्व. दादांचे सेवेशी,

सोपानाचा शि. सा. न. वि. वि. इकडे सर्व खुशाल. तुमची खुशाली मला कान्ह्याहून येणाऱ्या दूधवाल्याकडून कळते, कारण तुम्ही पत्र लिहीत नाही. वहिनींनी पाठवलेला आंबेमोहोर पोचला. सौ. नंदाने त्यातला निम्मा कोठीत दडवून ठेवला आहे. तुमच्या चिरंजीवांच्या भुकेपुढे दुसरा इलाज नाही.

चि. भिमाजीची हकीकत चांगली आहे. यार्डात त्याचे हंगामी काम चालूच आहे, पण सिग्नलच्या केबिनमध्ये दांडे ओढायची कायमची जागा रिकामी होणार असून साहेबांनी त्याचे नाव पुढे धाडले आहे. जानेवारीत रेल्वेचा डॉक्टर तपासेल. डोळे, छाती, हातपाय ठीक निघाले की जन्माची भाकरी झाली. पोर रात्रंदिवस त्याच विचारात असते. मला मात्र त्याची चिंता वाटत नाही. आपल्या घरातल्या अंगाला कोणता डॉक्टर नापास करणार?

आता पत्राचे खरे कारण. उन्हाळ्यात मी मुंबईला व्यायामशिक्षकांच्या वर्गाला गेलो होतो, तिथून एक नवा खेळ आणला आहे. हँडबॉल म्हणतात. फुटबॉलसारखेच दोन गोल, अकरा-अकरा गडी, पण पायाऐवजी सारे हाताने. चेंडू झेलायचा, पळायचे आणि खांद्यावरून असा मारायचा की गोलवाल्याला दिसू नये. शाळेचे जुने विद्यार्थी आणि यार्डातली पोरे मिळून मी संघ उभा केला आहे. त्यात भिमाजीचा हात म्हणजे काय सांगू, दादा. उभ्या आयुष्यात मी असा फेकणारा पाहिला नाही. डिसेंबरात पुण्याचा एक संघ इकडे खेळायला येणार आहे. तेव्हा माझी एवढीच विनंती की त्याला मधूनमधून गावी बोलावून तालमीत घालू नये. कुस्तीने खांदे आवळतात. फेकणाऱ्याचा खांदा मोकळा लागतो.

सौ. वहिनींस सा. न. धाकट्यावर लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा.

आपला,
सोपान

॥ श्रीखंडोबा प्रसन्न ॥

करंजवाडी, आंदर मावळ, ऋषिपंचमी, शके १८५८

चि. सोपान यास रखमाजीचे अ. उ. आ. वि.

तुझे पत्र पावले. तुझ्या सरूवहिनीने ते दोनदा वाचायला लावले, कारण पहिल्यांदा तिला वाटले मी थट्टा करतो आहे.

सोपान, तू माझा पाठचा भाऊ. तुला मी खांद्यावर घेऊन नदी ओलांडून शाळेत पोचवला. त्या शाळेचा तू हा उपयोग केलास? वीस वर्षांचा बाप्या, आणि तू त्याला चेंडू झेलायला शिकवतोस? इथे चावडीवर कुणी विचारले तर मी काय सांगू? दत्तोबा पाटलांना कसेबसे सांगितले की नवा खेळ आहे, तर ते म्हणाले की त्येच्यात चीत कोण व्हतं.

आता माझे ऐक. चंपाषष्ठीला खंडोबाच्या जत्रेत कुस्त्यांचा फड आहे हे तू विसरला असशील. गेली तीन वर्षे शेवटची कुस्ती पवन मावळातला गडी मारून नेतो आणि आपली माणसे टाळ्या वाजवून घरी येतात. यंदा मी पंचांना शब्द दिला आहे की शेवटच्या कुस्तीला माझा भिमाजी उभा राहील. शब्द गेला तो गेला. तरी तू त्याला रोज पहाटे उठवून जोर काढायला लाव, बैठका मार म्हणावे, आणि माझी जुनी मुद्गलांची जोडी दूधवाल्याबरोबर पाठवतो आहे ती फिरव म्हणावे. खांदा मोकळा लागतो म्हणे. मोकळा खांदा खुंटीवरच्या सदऱ्याचा असतो.

केबिनच्या जागेचे ठीक आहे. होईल ते काम. जोर काढणारा गडी डॉक्टरला भीत नाही.

नंदाला म्हणावे तांदूळ दडवू नको, आणखी पाठवतो. तुम्हा सर्वांवर माया आहे, पण तुझ्या अकलेवर जरा कमी.

रखमाजी

॥ श्री ॥

लोणावळा, ता. १८ ऑक्टोबर १९३६

ती. स्व. दादांचे सेवेशी,

शि. सा. न. वि. वि. मुद्गलांची जोडी पोचली. ती आणताना दूधवाल्याने मला जे ऐकवले ते पत्रात लिहिता येत नाही.

तुमची आज्ञा मी पाळणार नव्हतो. भिमाजीला तुमचे पत्र वाचून दाखवले आणि म्हटले की हे सारे सोडून दे, तुझ्या आबांना मी समजावतो. तर तो म्हणाला की आबांनी सांगितलंय तर काढतो की जोर, काय जातंय. तेव्हापासून पहाटे अंगणात तुमचा व्यायाम, दिवसभर यार्डात ओझी आणि संध्याकाळी मैदानावर माझा सराव. नंदा माझ्या अंगावर आली, म्हणाली की बैलालासुद्धा एक धनी असतो. मी तिला सांगितले की हे शास्त्र आहे, तिला कळायचे नाही.

एक कबूल करायला हवे. महिनाभरात त्याचा चेंडू पूर्वीपेक्षा लांब जाऊ लागला. मैदानाच्या टोकाला जांभूळ आहे, त्याच्याही पलीकडे पडतो. मी खूश झालो, पण मग पाहतो तर गोलात एकही जात नाही. कधी वरून, कधी बाजूने. बळ आले आणि नेम गेला. तुमच्या जोरांनी खांद्याला असा पीळ बसला आहे की हात सुटतो तो स्वतःच्या मर्जीने. तोफ मिळाली, पण तोंड कुणीकडे हे तिचे तिला ठाऊक. माझ्या वर्गात सांगितले होते की ज्या हालचालीसाठी ताकद हवी, तीच हालचाल जड करून घ्यावी. म्हणून मी चेंडूत वाळू भरून तो शिवून घेतला आहे. आता रोज तो जड चेंडू मारायचा, म्हणजे बळ आणि नेम दोन्ही येतील.

दिवाळीला तो तिकडे येईल तेव्हा कृपा करून त्याला विश्रांती द्यावी. भातझोडणीला लावू नये. तुम्ही लावालच हे मला माहीत आहे, तरी लिहिले.

वहिनींस सा. न. रागावलात तरी आशीर्वाद चालू ठेवावा.

सोपान

॥ श्रीखंडोबा प्रसन्न ॥

करंजवाडी, कार्तिक शु. ५

चि. सोपान यास अ. उ. आ. वि.

दिवाळी झाली. तुझी उणीव भासली, विशेषतः झोडणीला. हो, लावले त्याला झोडणीला. चार दिवस पेंढ्या आपटल्या. झोडणी हा काय व्यायाम आहे? ते घरचे काम. व्यायाम मी त्यानंतर घेतला, तालमीत, गेणूच्या दोन्ही पैलवान पोरांना त्याच्यावर सोडून.

आणि आता मला तुझा हिशेब मागायचा आहे. मी तुझ्याकडे पठ्ठ्या पाठवला होता, तू मला परत काय पाठवलेस? मान ठीक आहे, पाय ठीक आहेत, पण उजव्या हाताची पकड आली की पोर दात खाते आणि सोडून देते. पहिल्या दिवशी सरूने पाण्याची घागर उचलायला सांगितली तर डाव्या खांद्यावर घेतली. सरू मला म्हणाली की अवो, प्वाराच्या उजव्या खांद्यात कायतरी हाय. मी म्हटले, आळस आहे. तो तुझ्या चेंडूने लागलेला आळस आहे. चेंडू हातातून सोडून द्यायची सवय लागली की माणूस पकडही सोडून देतो, हे समजायला मुंबईचा वर्ग कशाला पाहिजे?

भिमाजीलाच विचारले. म्हणाला, काय न्हाई आबा, जरा आखडलंय. मग आखडलेले अंग मोकळे करायला काय लागते? मेहनत. जोर वाढवून दिले आहेत. तुझ्या अंगणात तो ते काढतो की नाही यावर नंदाने लक्ष ठेवावे, तुझा भरवसा नाही.

पुण्याच्या लोकांना चेंडू खेळायला दुसरे गाव मिळाले नाही काय?

रागाचे मनावर घेऊ नकोस, मायेचे घे.

रखमाजी

॥ श्री ॥

लोणावळा, ता. २५ नोव्हेंबर १९३६

ती. स्व. दादांस,

शि. सा. न. वि. वि. तुम्ही माझा पठ्ठ्या परत पाठवलात तो मी ओळखला नाही. जांभळापलीकडे जाणारा चेंडू आता जांभळाच्या अलीकडे पडतो. परवा मी सर्वांसमोर त्याला बोललो. इतर पोरे त्याच्यापेक्षा निम्म्या अंगाची, पण मोकळ्या हाताने मारतात आणि गोल करतात. हा मारतो तेव्हा आधी ओठ दाबतो. मी विचारले, दुखते का? म्हणाला की काय न्हाई काका, बरं हाय. मग बरे आहे तर कसूर का? मी जड चेंडूचे फेरे वाढवले आहेत. उपाय म्हणून सांगतो, शिक्षा म्हणून नव्हे.

दादा, तुम्ही आणि मी दोघे मिळून त्याच्या खांद्याला काय समजलो आहोत कोण जाणे, असे नंदा म्हणते. ती हल्ली माझ्याशी याहून जास्त बोलत नाही. रात्री त्याच्या खांद्याला तेल चोळून देते आणि मला पाहिले की भांडी आपटते. तिने असेही ठरवले आहे की डॉक्टरी होईपर्यंत पोराने दोन्ही बंद करावे. मी म्हटले की डॉक्टरीला महिना-दीड महिना आहे, सामना तोंडावर आला आहे. तुम्हीच जत्रेचा हट्ट सोडलात तर त्याच्यावरचा अर्धा भार कमी होईल. मोठ्या भावाने एकदा तरी माघार घ्यावी, इतकेच मागणे.

आपला त्रस्त,
सोपान

॥ श्री ॥

लोणावळा, ता. १४ डिसेंबर १९३६

ती. स्व. दादांस,

शि. सा. न. काल हरलो. पुण्याच्या गोलवाल्याच्या हातात भिमाजीने इतके हळू चेंडू दिले की मला वाटले, हळदीकुंकवाचे वाण देतो आहे. खेळ संपल्यावर पुण्याचे मास्तर मला सांत्वनाला म्हणाले की तुमच्या त्या उंच गड्याला पुढच्या वेळी बसवा.

आता तुमची जत्रा राहिली. खुशाल न्या त्याला. मी अडवणार नाही. माझ्यापुरता त्याचा खांदा संपला.

सोपान

॥ श्रीखंडोबा प्रसन्न ॥

करंजवाडी, मार्गशीर्ष शु. ८

चि. सोपान यास आशीर्वाद.

आज लिहायला हात उचलत नाही, तरी लिहितो.

फडात भिमाजी उभा राहिला तेव्हा सारा आंदर मावळ बघत होता. हलगी लागली. सलामी झाली. पवन मावळाच्या गड्याने उजव्या हाताला हात घातला, ओढलेदेखील नाही, आणि माझे पोर खाली बसले. पाठीवर नव्हे, बसले. खांदा जागेवरून निखळला होता. समोरचा गडी घाबरून हात जोडून उभा. म्हणाला की आजा, म्या काय केलं न्हाई, देवाशपथ. त्याने काही केले नाही हे मलाही दिसत होते.

हाडवैद्याने तिथल्या तिथे खांदा बसवला. पोर ओरडले नाही. सरू ओरडली, आणि माझ्यावर ओरडली, चार गावांसमोर.

हा तुझ्या वाळूच्या चेंडूचा पराक्रम आहे. निरोगी खांदा असा नुसत्या स्पर्शाने निघत नाही. तो आधीच तू उसवून ठेवला होतास. मी पंचांना दिलेला शब्द गेला तो गेला, पण डॉक्टरीचे काय? तू तिथला शिकलेला माणूस, तूच मार्ग काढ.

रखमाजी

॥ श्री ॥

लोणावळा, ता. २६ डिसेंबर १९३६

ती. स्व. दादांस,

सा. न. वि. वि. भिमाजीला इथल्या दवाखान्यात दाखवले. डॉक्टर म्हणाले की खांद्याचे धागे एका दिवसात तुटले नाहीत, दोन-तीन महिने तुटत होते. हात गळ्यात बांधला आहे. मी विचारले की जानेवारीच्या डॉक्टरीला बरा होईल काय, तर ते चष्मा पुसत राहिले.

दोन-तीन महिने, दादा. म्हणजे ज्या दिवशी तुमची मुद्गलांची जोडी माझ्या दारात आली त्या दिवसापासून मोजा. चेंडूने कोणाचा खांदा तुटल्याचे माझ्या वर्गात तरी कुणी सांगितले नव्हते. चार दिवस पेंढ्या आपटायला कुणी लावले? गेणूची पोरे कुणी सोडली? मी त्याला नुसते फेकायला सांगत होतो. आणि आता तुम्ही मला मार्ग काढ म्हणता. मी साहेबांच्या पाया पडून आलो. तारीख पुढे जात नाही.

भिमाजी मंगळवारी सकाळी पिशवी घेऊन सोमाटण्याला शालूआक्काकडे निघून गेला. न सांगता नव्हे, सांगून गेला. म्हणाला की आत्याकडे दोन घटका बसतो. त्याला आज पाचवा दिवस. आक्काचा निरोप आला की तो इथेच राहील आणि तुम्ही दोघं हिकडं फिरकू नगा. आपल्या आक्काला मी कधी असे बोलताना ऐकले नाही.

दादा, मला झोप लागत नाही. कोणाची चूक किती याचा निकाल तुम्हीच लावा, पण पत्र पाठवा.

सोपान

॥ श्री ॥

सोमाटणे, ता. १७ जानेवारी १९३७

ती. आबा व ती. काका यांचे सेवेशी,

भिमाजीचा शि. सा. न. वि. वि. हेच पत्र दोनदा लिहिले आहे. एकात आबांचे नाव आधी, दुसऱ्यात काकांचे. बाकी एक शब्द इकडचा तिकडे नाही, म्हणजे जुळवून पाहायला हरकत नाही. खांदा बांधलेला आहे, कोपराखाली हात चालतो, म्हणून अक्षर बारीक आले आहे.

गुरुवारी डॉक्टरी झाली. डोळे चांगले निघाले, छाती चांगली निघाली. मग हात वर करा म्हणाले. डावा गेला. उजवा खांद्याच्या वर गेला नाही. दुसऱ्यांदा करून पाहा म्हणाले, मी केला, तिथेच थांबला. डॉक्टरसाहेबांनी कागदावर काही लिहिले आणि पुढच्याला हाक मारली. केबिनची जागा माझ्यानंतर उभा होता त्या सोपाऱ्याच्या गड्याला मिळाली. गडी चांगला आहे. मी त्याला दांडे दाखवून आलो.

तुमची दोघांची पत्रे मी वाचली आहेत. आईने आणि नंदाकाकूने ती माझ्याकडे पाठवली, दोघींनी एकमेकींना न विचारता. माझा खांदा कोणामुळे गेला याचा वाद त्यात आहे. आबा म्हणतात चेंडूमुळे, काका म्हणतात तालमीमुळे. मी पहाटे आबांचे जोर काढले आणि संध्याकाळी काकांचा चेंडू मारला, त्यामुळे तुमचे दोघांचेही खरे आहे. यापुढे वाद घालू नये.

मी का बोललो नाही, असे आत्याने विचारले. आबांना नाही म्हटले असते तर ते म्हणाले असते की काकाने बिघडवला. काकांना नाही म्हटले असते तर ते म्हणाले असते की बापाच्या धाकात आहे. दोन्हीकडे माझे नाव निघालेच नसते. म्हणून काय न्हाई म्हणत राहिलो. ती माझी चूक, ती माझ्या नावावर लिहावी.

मला कुस्ती आवडते की चेंडू, हे मला कुणी विचारले नाही. वाईट दोन्ही नव्हते. पण मला केबिन आवडत होती. सुटीच्या दिवशी मी वर जाऊन बसायचो, तिथले म्हातारबाबा मला दांडा धरू द्यायचे. त्याला जोर लागत नाही, अंगाचा तोल लागतो. पाय रोवून मागे झुकले की दांडा आपसूक येतो आणि लांब कुठेतरी सिग्नल पडतो. गाडी निघून जाते. कुणी टाळ्या वाजवत नाही, कुणी हरत नाही. मला तेवढेच पाहिजे होते. तुम्ही दोघेही म्हणत होता की ते काम होईलच, म्हणून त्याची काळजी मी एकट्यानेच केली.

डॉक्टर म्हणाले, दुसरी जागा निघाली तर पुन्हा नाव घालता येईल, हात वर गेला पाहिजे. मी रोज थोडा वेळ पट्टी सोडून भिंतीला तोंड करून उभा राहतो आणि बोटे भिंतीवरून वर चालवत नेतो. एवढाच व्यायाम डॉक्टरांनी सांगितला आहे. आत्या समोर बसून धान्य निवडते आणि मला एकदाही आणखी वर असे म्हणत नाही. आईने आणि काकूने यावे, मी वाट पाहतो. तुम्ही दोघांनी हात बरा होईपर्यंत येऊ नये आणि काय करावे ते लिहू नये. मला राग नाही. तुम्ही दोघांनी माझ्यावर किती जीव टाकला हे माझ्याइतके कुणाला ठाऊक नाही. उजव्या कुशीवर निजता येत नाही तेव्हा तेच आठवते.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. तुमचा माझ्यावर लोभ आहे, तो थोडा कमी करावा ही विनंती.

आपला,
भिमाजी